फ्लायचा लाल रंग पांढऱ्यावर उतरतो: रंगवलेल्या पिसांचं दुखणं आणि त्यावरचे इलाज

लाल गळा आणि पांढरी लांब शेपटी असलेली डिसीव्हर, म्हणजे लहान माशासारखी दिसणारी फ्लाय (मासे पकडायला गळावर पिसं-दोरा बांधून केलेलं नकली आमिष). बांधून झाल्यावर स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये पाच मिनिटं बुडवून पाहिली, पाणी नितळ राहिलं. दुसऱ्या दिवशी रेवदंड्याच्या खाडीत ओहोटी लागताना तीच फ्लाय अर्धा तास फेकली आणि बाहेर काढली, तर शेपटीच्या मुळाशी बोटभर गुलाबी डाग. संध्याकाळपर्यंत डबीतल्या शेजारच्या दोन पांढऱ्या फ्लायसुद्धा गुलाबी झाल्या होत्या.

सलग तीन हंगाम हे असंच चाललं. दरवेळी मी रंगाला दोष दिला, दुकान बदललं, महागडी पुडी आणली. पुढच्या उधाणाला पुन्हा तेच. दोष रंगात फार थोडा होता. पिसं धुण्यात, आंबटपणात आणि उष्णतेत माझ्याकडून चुका होत होत्या, आणि मी तपासत होतो तेही चुकीच्या पाण्यात. कोकणात आणि गोव्यात जिताड्यासाठी (गोव्यात चोणक) फ्लाय बांधणारे आता बरेच झालेत आणि भेटेल तो हीच तक्रार सांगतो, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आधी दुखणं ओळखा

‘रंग गेला’ या दोन शब्दांत तीन वेगळी दुखणी असतात. ओल्या फ्लायचा रंग शेजारच्या पिसांवर, दोऱ्यावर किंवा बोटांवर लागत असेल तर तो सुटतोय. कुठे लागत नाही, पण महिन्याभरात पोपटीचा मळकट पिवळा झाला, तर उन्हानं उडतोय. आणि रंगवतानाच पीस मुळाशी गडद, टोकाला फिकट, मध्ये पांढरे ठिपके असं निघालं, तर रंग मुळात सगळीकडे चढलाच नाही. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत. सुटणाऱ्या रंगासाठी उन्हापासून जपून काही उपयोग नाही.

चाचणी सोपी आहे, पण तिथेच माझी पहिली चूक होती. नळाचं पाणी साधारण उदासीन असतं, समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी. त्याचा पीएच ८ च्या जरा वर असतो आणि लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. पिसांवर चालणारे बहुतेक रंग आंबट पाण्यात पिसाला धरतात आणि अल्कधर्मी पाण्यात सोडायला लागतात. म्हणून बेसिनमध्ये पास झालेली फ्लाय खाडीत नापास होते. भरतीच्या वेळी बाटलीभर खाडीचं पाणी घरी आणा. ते जमत नसेल तर लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवा. रंगवलेलं एक पीस त्यात अर्धा तास ठेवा, मग ओलंच पांढऱ्या टिश्यूत गुंडाळून बोटांनी दाबून धरा. टिश्यू पांढरा राहिला तरच ती खेप बांधायला घ्यायची. हिमाचलातल्या तीर्थन नदीवर किंवा काश्मीरमध्ये ट्राउटसाठी जाणाऱ्यांना गोड्या पाण्याची चाचणी पुरते. खाडीवाल्यांना पुरत नाही.

पुडीत नेमकं काय आहे

बाजारात ‘कपड्याचा रंग’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा सुतासाठी असतं. सूत म्हणजे वनस्पतीचा धागा, तर पीस केराटिनचं. आपले केस, नखं, लोकर त्याच कुळातली, आणि रेशीमही प्रथिनाचंच. सुताचा रंग पिसाला लागतो, दोन धुण्यांत छान दिसतो, पण आत शिरून धरत नाही. पिसाला हवा तो आम्लरंग, म्हणजे लोकर, रेशीम किंवा नायलॉनसाठी विकला जाणारा रंग. आंबट पाण्यात केराटिनवर धन भार येतो, रंगाच्या कणावर ऋण भार असतो आणि दोघं एकमेकांना धरतात. एवढी गोष्ट लक्षात राहिली तर पुढचं सगळं त्यातूनच सुचत जातं.

हे मला रंगाच्या दुकानात कळलं नाही. येवल्यात पैठणीसाठी रेशीम रंगवणाऱ्या एका काकांकडे कामानिमित्त गेलो होतो. गाडीत फ्लायची डबी होती. गुलाबी झालेली शेपटी त्यांना दाखवली. त्यांनी पीस बोटांत चोळलं आणि विचारलं, “रंगवायच्या आधी कशानं धुतली होती?”

“पाण्यानं, काका.”

“मग तुमचा रंग तेलावर बसलाय, पिसावर नाही.”

खिशातला रुमाल काढून त्यांनी पीस त्यावर घासलं. रुमालावर लाल रेघ उमटली. “आणि हा सुताचा आहे,” ते म्हणाले. पंधरा मिनिटांत माझ्या तीन हंगामांचा हिशोब लागला.

लोकर-रेशमाचा रंग मिळाला नाही तर खाण्याचा रंग चालतो. आपल्याकडे खाद्यपदार्थांत परवानगी असलेले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पॉन्सो ४आर, ब्रिलियंट ब्लू हे सगळे आम्लरंगच आहेत. पिवळा आणि लाल बरे बसतात. पण त्या पुड्यांत बऱ्याचदा मीठ किंवा दुसरी भर असते, त्यामुळे वजनाचा अंदाज चुकतो. गडद लाल हवा असेल तर मी लोकरीच्याच रंगाकडे जातो.

झगझगीत गुलाबी आणि निऑन पिवळ्याचा मोह मलाही झाला होता. सुटा, स्वस्त, डोळे दिपवणारा गुलाबी बहुधा ऱ्होडामाइन असतो आणि तसाच पिवळा ऑरामाइन. हे दोन्ही ‘बेसिक’, म्हणजे आम्लरंगांच्या उलट, धन भाराचे रंग. पिसावर पटकन चढतात आणि सुरुवातीला सुंदर दिसतात, पण ऊन त्यांना सहन होत नाही आणि धुण्यातही टिकत नाहीत. शिवाय ते अंगाला घातक आहेत. घरात, मुलांच्या हाताशी ते नकोत. होळीच्या रंगाचंही तेच, पुडीत नेमकं काय आहे ते कुणीच सांगू शकत नाही. जुन्या इंग्रजी कृतींमध्ये पिवळ्यासाठी पिक्रिक अम्ल सांगितलेलं दिसेल. ते कोरडं झालं की स्फोटक असतं. त्या कृती वाचायच्या, करायच्या नाहीत.

तेल गेलं नाही तर काहीच बसत नाही

पक्ष्याच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. चोचीनं ते तेल पिसांना फासून पक्षी पाऊस झटकतो. कोंबड्यात ते कमी, बदकात आणि पाळीव राजहंसात भरपूर. आपण ज्या पिसावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहताना पाहतो, त्यावर रंगही तसाच उभा राहतो. वर दिसतो, आत जात नाही. ठिपके पडायचं आणि रंग सुटायचं अर्धंअधिक कारण हेच आहे.

धुण्यासाठी भांड्यांचं लिक्विड घ्या, वडीचा साबण नको. बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाची पांढरी साय धरते आणि तीही पिसावर बसते. कोमट पाणी, साधारण ४० ते ५० अंश, लिटरला चमचाभर लिक्विड. पिसं अर्धा तास बुडवून ठेवा, मधूनमधून मुळाकडून टोकाकडे बोटांनी हलकेच ओढा, उलट्या दिशेनं कधीच नाही. पाणी बदलून पुन्हा एकदा धुवा. बदकाच्या पिसांना मी तीन वेळा धुतो. धुवून झालं का ते कळायला एक खूण आहे: पीस पाण्यावर तरंगायचं सोडून बुडायला लागतं आणि त्याचे केसर (काडीच्या दोन्ही बाजूंचे बारीक तंतू) एकमेकांना चिकटून ओल्या केसांसारखे दिसतात. तोवर रंगाचं भांडं चुलीवर चढवू नका. धुण्याचा सोडा वापरायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. तेल निघतं, पण पीस ठिसूळ होतं आणि पुढे आंबट पाण्याचं कामही बिघडतं.

पिसं चिकन सेंटरमधून आणत असाल तर दोन गोष्टी. ब्रॉयलर दीड महिन्याचा असतो, त्याच्या पाठीवर डिसीव्हरला पुरेल असं लांब पीस नसतं. पांढऱ्या, पूर्ण वाढलेल्या कोंबड्याची पाठ आणि मान हवी. आणि गरम पाण्यात बुडवून सोललेल्या पक्ष्याची पिसं आधीच मुरगळलेली असतात, म्हणून कोरडी उपटून द्यायला सांगा. घरी आणली की धुवेपर्यंत तोंडाला आणि हातांना संरक्षण ठेवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून मी आजारी पक्ष्यांची किंवा बातमी असलेल्या भागातली पिसं घेत नाही.

आंबट, ऊब आणि वेळ

माझं प्रमाण सांगतो, १० ग्रॅम सुक्या पिसांचं. दोन लिटर पाणी, पिसं सैल तरंगतील एवढं. रंग ०.२ ग्रॅम मध्यम छटेला, ०.४ ग्रॅम गडद लाल किंवा काळ्याला. सोनाराचा काटा नसेल तर ऑनलाइन मिळणारा छोटा डिजिटल काटा घ्या, हा खर्च वसूल होतो. जास्त रंग घातला की गडद होईल असं वाटतं, पण पीस आपल्या ताकदीपुरताच धरतं. उरलेला वर बसून राहतो आणि खाडीत सुटतो. ‘चमचाभर टाकला’ असं सांगणाऱ्या प्रत्येकाच्या फ्लाय गुलाबी झालेल्या मी पाहिल्यात.

भांडं स्टीलचं किंवा इनॅमलचं, अॅल्युमिनियम किंवा लोखंडाचं नको, आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. रंग वेगळ्या वाटीत गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, गाळून घाला. गुठळी राहिली की तिथे ठिपका. आधीच भिजलेली पिसं घाला, कारण कोरडं पीस टोकाकडून असमान भिजतं. मंद आचेवर हळूहळू ७० ते ८० अंशांवर न्या. उकळी फुटू द्यायची नाही. उकळीत काडी वाकते, केसर कुरळे होतात आणि नंतर गळावर बांधताना काडी मोडते. स्वयंपाकाचा थर्मामीटर नसेल तर भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसायला लागले की आच कमी करा.

व्हिनेगर सुरुवातीला घालू नका. इथे बहुतेक कृती चुकतात असं मला वाटतं. आंबट पाण्यात रंग धावत जाऊन समोर येईल त्या पिसाला धरतो. पिसं गच्च असतील तर बाहेरची गडद, आतली फिकट. म्हणून आधी दहा मिनिटं रंगात नुसती फिरवून घ्या, मग दोन लिटरला साधं ४ टक्क्यांचं व्हिनेगर १०० मिलि, तेही दोन-तीन हप्त्यांत. व्हिनेगर नसेल तर किराण्याचं लिंबूसत्त्व एक छोटा चमचा. त्यानंतर अर्धा तास त्याच उष्णतेवर. रंग संपला की पाणी नितळ व्हायला लागतं. पांढऱ्या चमच्यात थोडं घेऊन बघा. पाणी नितळ झालं याचा अर्थ रंग पिसात गेलाय. लाल पाणी तसंच राहिलं तर रंग जास्त झालाय किंवा आंबटपणा कमी पडलाय. थोडं व्हिनेगर आणखी घालून वीस मिनिटं द्या, तरीही तसंच असेल तर पुढच्या वेळी रंग कमी घ्या.

गॅस बंद केल्यावर पिसं त्याच पाण्यात गार होऊ द्या. घाईनं काढून थंड पाण्यात टाकण्यात मी बऱ्याच खेपा घालवल्या. गार झाल्यावर थंड पाण्यानं धुवा, मग थेंबभर लिक्विड घातलेल्या कोमट पाण्यात, पुन्हा थंड. धुण्याचं पाणी पूर्ण नितळ येईपर्यंत. लालला कधीकधी सहा पाणी लागतात. सहावं पाणीही गुलाबीच असेल तर पिसं पुन्हा ७० अंशांच्या नुसत्या व्हिनेगरच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, रंग न घालता. जुन्या, आधीच रंगवलेल्या पिसांनाही हाच इलाज करता येतो. आम्लरंग असेल तर बऱ्याचदा बसतो, सुताचा असेल तर नाही.

वाळवताना टॉवेलमध्ये दाबा, मग सुती पिशवीत घालून हेअर ड्रायरच्या कोमट हवेवर झटका. केसर पुन्हा उभे राहतात. मुरगळलेलं पीस किटलीच्या वाफेवर धरलं की सरळ होतं.

हिरवा फाटतो, काळा तपकिरी होतो

पिवळा आणि निळा मिसळून पोपटी करायला गेलात आणि पिसं अर्धी निळसर, अर्धी पिवळी निघाली, तर दोन्ही रंगांचा धरण्याचा वेग वेगळा आहे. एक आधी चढतो, दुसरा मागे राहतो. आच आणखी हळू वाढवा, व्हिनेगर आणखी उशिरा घाला. किंवा दोन टप्प्यांत करा: आधी पिवळा पूर्ण, मग अगदी थोड्या निळ्यात दोन मिनिटं बुडवून पाहत पाहत काढा. मला दुसरी पद्धत आवडते, कारण जिताड्यासाठी मला लागणारा पिवळट पोपटी नेमका सापडतो. गढूळ खाडीत निळा प्रकाश गाळात अडकतो आणि पिवळा-हिरवा जास्त खोल जातो, म्हणून तिथे पोपटी-पांढऱ्यावर माझा विश्वास जास्त आहे.

काळ्याला दुप्पट वेळ आणि दुप्पट रंग. तपकिरी निघाला तर बहुधा पिसं नीट धुतलेली नसतात.

रंग बसलाय, तरी फ्लाय डागाळते

पीस चाचणीत पास आणि फ्लाय नापास असं झालं तर बांधण्याकडे बघा. डोक्यावर नेलपॉलिश किंवा स्पिरिटमधली लाख लावली की तिचा द्रव पिसात मुरतो आणि पाण्याला न सुटणारा रंगही ओढून आणतो. मुळाशी डाग आणि टोक स्वच्छ असेल तर हीच शंका घ्या. लाल पिसाच्या शेजारी यूव्ही रेझिन (अतिनील दिव्यानं घट्ट होणारा चिकटा) वापरा किंवा स्पिरिटऐवजी पाण्यात बनवलेला, वाळल्यावर न सुटणारा चिकटा. लाल दोरा वेगळा ओला करून टिश्यूवर घासून पाहा, स्वस्त शिलाईचा दोरा मी दोनदा चोर म्हणून पकडलाय.

खाडीतून आल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात खंगाळून उघड्यावर वाळवा. ओली डबीत बंद केली की मीठ, ओल आणि उष्णता मिळून रात्रभर तीच चाचणी चालते. गळही गंजतो आणि गंजाचा तपकिरी डाग लोक रंगाच्या नावावर लिहितात.

उन्हानं उडणाऱ्या रंगाला फारसा इलाज नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर डबी ठेवू नका, आणि निऑन पिवळ्या, गुलाबी फ्लाय दरवर्षी नव्या करायच्या असंच धरून चाला.

न रंगवता रंगीत पीस का नको

हे विचारलं जातं म्हणून सांगतो. खंड्या, नीळकंठ, मोर यांचा निळा-हिरवा रंगद्रव्याचा नाही. पिसाच्या आतल्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश परतताना तो दिसतो, म्हणून तो पाण्यात सुटतच नाही. आफ्रिकेतल्या तुराको पक्ष्याचा लाल मात्र तांबं असलेल्या टुरॅसिन या रंगद्रव्याचा. ते सौम्य अल्कधर्मी पाण्यात विरघळतं, म्हणजे साबणाच्या पाण्यात अस्सल पीसही लाल सोडतं. रंगवलेलं पीस सुटतं म्हणून चिडणाऱ्या माणसाला ही गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते.

इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या व्हिक्टोरियन काळच्या सॅमन फ्लायमध्ये अशी दुर्मीळ पिसं भरलेली असत, आणि त्यात आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची, मेणासारखे चमकते ठिपके असलेली पिसंही होती. त्या हौसेनं आजही माणसं वाहवत जातात. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांचे नमुने अशाच फ्लायच्या पिसांसाठी चोरले गेले, त्यांत निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी दीडशे वर्षांपूर्वी जमवलेले पक्षीही होते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. रानपक्षी मारून किंवा विकत घेऊन पिसं मिळवणं गुन्हा आहे, आणि कायद्याच्याही आधी ते माझ्या मनालाच पटत नाही. रानकोंबड्याचा तो ठिपका कोंबड्याच्या काळ्या पिसावर पांढऱ्या आणि पिवळ्या नेलपॉलिशच्या दोन थेंबांनी करता येतो. नेलपॉलिश आधी पूर्ण वाळू द्या, मगच पीस गळावर बांधा, नाहीतर वर सांगितलेला मुळाशी पडणारा डाग इथेही येतो.